‘मॅडम, बोलू नका, गाडी बोलवा’ : मानसशास्त्राच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
मानसशास्त्र अभ्यास मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय : बी.ए. (मानसशास्त्र) आणि व्यसन समुपदेशनाचे पदव्युत्तर प्रशिक्षण एकमेकांना जोडण्याबाबत

स.न.वि.वि.

मी तुमच्यापैकीच एका विद्यापीठाची विद्यार्थिनी. बी.ए.ला मानसशास्त्र, एम.ए.लाही तेच. गेली चौदा वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. वर जो विषय लिहिलाय तो तुमच्या आवक नोंदवहीसाठी. मला सांगायचंय ते एका गुरुवारच्या सकाळचं.

नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. सोमवारी रात्री शेवटची पिऊन मंगळवारी एक गृहस्थ दाखल झाले. पंचेचाळिशीचे, साखर कारखान्यात फिटर. मंगळवार हात थरथरण्यात गेला. बुधवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गुरुवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर ते पलंगावर बसून चादरीतले न दिसणारे दोरे उपसत होते. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणाले. मला कारखान्यातल्या टाइम ऑफिसची बाई समजून ‘माझी हजेरी मांडा’ म्हणाले. मी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि शिकवलं होतं तसं शांत आवाजात सुरू केलं, “काका, मुंग्या नाहीयेत. तुम्ही केंद्रात आहात.” मागून आमचे वॉर्ड सांभाळणारे दादा आले. शिक्षण आठवी. अकरा वर्षं प्यायले आणि तेव्हा नऊ वर्षं सोबर होते. त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावला, भिजलेला सदरा पाहिला आणि मला म्हणाले, “मॅडम, बोलू नका. गाडी बोलवा.”

त्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की बहुतेक वेळा दोन ते चार दिवसांत ती येते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. त्याला औषधं लागतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं, दवाखाना लागतो. समोर बसून बोलणारी एम.ए. झालेली मुलगी लागत नाही. आमच्याकडे तेव्हा डॉक्टर दिवसाआड येत. काका वाचले ते दादांमुळे. माझ्या दोन्ही पदव्यांत हा आजार कुठे आलाच असेल तर ‘टीपा लिहा (कोणत्याही दोन)’ यात आला असेल, आणि मी दुसऱ्या दोन लिहिल्या असतील.

आता म्हणाल, हे डॉक्टरचं काम. औषध देणं डॉक्टरचं, बरोबर. पण डॉक्टरला कधी बोलवायचं हे ज्याला कळत नाही तो त्या वॉर्डात धोकादायक असतो, आणि त्या सकाळी मी धोकादायक होते.

बी.ए.च्या प्रॅक्टिकलला मी म्युलर-लायरच्या भ्रमाची (सारख्या रेषा लहान-मोठ्या दिसतात, त्याची) पट्टी सरकवून मिलिमीटर मोजले आहेत. निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या आहेत, त्याही वर्गातल्या मैत्रिणीकडून, जी आधीच सगळी यादी पाहून बसलेली असायची. जर्नलवर सही झाली, गुण मिळाले. त्या पट्टीवर माझा राग नाही. पण पाच वर्षांत एकदाही मला असा माणूस भेटला नाही ज्याचं मन खरोखर अडचणीत आहे. घराच्या गल्लीत तसे निदान चार होते. त्यांच्याकडे मानसशास्त्राचा विषय म्हणून बघायचं असतं हे कोणी सांगितलं नाही.

मानसशास्त्राचा आमच्या कामात उपयोग नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. मला उलट वाटतं. व्यसन समजायला लागणारं जवळजवळ सगळं तुम्ही पहिल्या दोन वर्षांत शिकवताच, फक्त ते कशाला लागतं हे सांगायचं राहून जातं. पहिल्या वर्षाला पावलोवचा कुत्रा असतो : खाण्याआधी रोज घंटा वाजली की पुढे नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटते. घंटा, लाळ, आकृती, पाच गुण. आमचा पेशंट काही आठवडे राहून, वजन वाढवून, चेहऱ्यावर पाणी येऊन घरी निघतो. गावच्या एसटी स्टँडवर उतरतो, समोर परमिट रूमची पाटी दिसते आणि तोंडाला पाणी सुटतं, तळहात ओले होतात. त्याला वाटतं, आपण मनाने कच्चे. बायकोला वाटतं, याचं ध्यान अजून तिकडेच. अहो, ती घंटा आहे! एवढं त्याला जाण्याआधी उलगडून सांगितलं तर तो स्टँडच्या मागच्या फाटकाने बाहेर पडायला शिकतो. शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली उंदरांवर दाखवलं, की हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठी मात्रा ओळखीच्या जागेऐवजी अनोळखी जागी दिली तर जास्त उंदीर मरतात. नेहमीची जागा ओळखून शरीर आधीच कंबर कसून बसलेलं असतं, नव्या ठिकाणी ते बेसावध असतं. हे ज्याला माहीत आहे तो समुपदेशक बाहेर पडणाऱ्या पोराला ‘पुन्हा घेऊ नकोस’ एवढंच सांगून थांबत नाही. इतके दिवस बंद राहिल्यावर जुन्या मापाने घेतलीस तर जीव जाईल, हेही तो तोंडावर सांगतो.

स्किनर घ्या. कबुतराला दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की ते टोचतच राहतं. आमच्याकडे मटक्याच्या आकड्यापायी आणि मोबाइलवरच्या रमीपायी शेती विकलेली माणसं येतात. घरचे विचारतात, ‘एवढं हरूनसुद्धा खेळतोच कसा?’ हरतो आणि मधूनच जिंकतो, म्हणूनच खेळतो. ओल्ड्स आणि मिल्नर यांनी १९५४ साली उंदराच्या मेंदूत तार बसवली, कळ दाबली की तिथे सौम्य वीज मिळे, आणि तो स्वतःहून कळ दाबत सुटला. तो धडा जैविक मानसशास्त्रात, पावलोव सामान्य मानसशास्त्रात, कुटुंब सामाजिक मानसशास्त्रात, आणि व्यसन अपसामान्य मानसशास्त्रातलं एक प्रकरण, तेही सत्र संपत आलेलं असताना. पेशंट मात्र हे सगळं एकाच अंगात घेऊन येतो.

जे तुमच्या पुस्तकांत नाही, किंवा आहे पण मराठीत नाही, ते म्हणजे बोलणं. विल्यम मिलर यांनी १९८३ साली प्रेरणात्मक मुलाखतीची, म्हणजे बदलाची इच्छा पेशंटच्याच तोंडून काढून घेण्याची, पद्धत मांडली. तिचं सार आमचे दादा अनुभवाने जाणतात : दाबलं की माणूस दारूची बाजू घेऊन भांडतो. पण ही पद्धत मराठीत करायची कशी? ‘का पितोस?’ असं विचारलं की समोरचा कारणांची रांग लावतो. टेन्शन, मित्र, कारखाना, सासुरवाडी. ‘घेतल्यावर काय बरं वाटतं?’ असं विचारलं की तो आधी दचकतो, मग पहिल्यांदा खरं बोलतो. ‘सोडायचीय, पण पोरांसाठी. स्वतःला तेवढं वाटत नाही, असं काहीसं?’ हे वाक्य नीट, न टोचता म्हणायला मला चार वर्षं लागली. बावीस वर्षांच्या पोराला अहो म्हणायचं की अरे? मी ‘तुम्ही’ म्हणते, कारण घरी, गावात, पोलीस ठाण्यात त्याला सगळे अरे-तुरेच करत आलेले असतात. दादा त्याला ‘भावा’ म्हणतात आणि त्यांना ते शोभतं. मी म्हटलं तर तो हसेल. हे कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते मराठीतूनच, प्रत्यक्ष माणसासमोर, कोणीतरी मागे बसून ऐकत असताना शिकावं लागतं.

आणि घरची माणसं. अजूनही भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. दर महिन्याला एखादी ताई येते जिने कोणाच्या तरी सांगण्यावरून नवऱ्याच्या आमटीत डायसल्फिरामची गोळी कुस्करून घातलेली असते. या गोळीवर दारू पडली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहीत असून घेणाऱ्यासाठी तो धाक आहे. ज्याला माहीतच नाही त्याच्यासाठी ते विष ठरू शकतं. त्या ताईला रागावून चालत नाही. तिने दहा वर्षं मार खाल्लेला असतो आणि हा तिचा शेवटचा उपाय असतो. तिच्याशी काय बोलायचं? माझ्या एम.ए.त यावर काहीच नव्हतं. मी ते शिकले आमच्या सहचरींच्या, म्हणजे पेशंटांच्या बायकांच्या, गटात, तिच्यासारख्याच दुसऱ्या बायकांचं बोलणं ऐकून.

तर मागणी अशी. ज्याला या क्षेत्रात यायचंय त्याच्यासाठी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून पदव्युत्तर पदवीपर्यंत एकच सलग वाट करा. बी.ए. वेगळं, एम.ए. वेगळं, मग नोकरी, मग नोकरीत असताना कुठे तरी काही आठवड्यांचं प्रमाणपत्र आणि मधल्या काळात पेशंटच्या जिवावर शिकणं, हे थांबवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तुमचं निम्मं काम करून ठेवलंय. चार वर्षांची ऑनर्स पदवी आली, तिच्यानंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते. तीन वर्षांनी थांबलेल्याला दोन वर्षं. क्षेत्र प्रकल्प आला, कार्यप्रशिक्षण आलं. पण पाहते काय, तर आमच्याकडे मुलं कार्यप्रशिक्षणासाठी येतात आणि प्रमाणपत्रावर सही घेऊन जातात. चार श्रेयांकांचे तीस-तीस तासांच्या हिशेबाने एकशे वीस तास होतात. त्यातले निम्मे फाइल करण्यात जातात. गेल्या वर्षी एका मुलाने आमच्या फलकाचे, बागेचे आणि स्वयंपाकघराचे फोटो काढले. उत्तम अहवाल झाला होता, रंगीत. पेशंटशी तो एक अक्षर बोलला नव्हता.

मला सुचतं ते असं. दुसऱ्या वर्षी एकच विषय व्यसनाचा, पण त्यात मेंदू, शिकणं, कुटुंब, कायदा आणि गुत्त्याचं अर्थकारण एकत्र यावं. गावोगावी काय चालतं ते त्यात असावं : देशी, हातभट्टी, मिसरी, मालेगावकडची कुत्ता गोळी (झोपेच्या औषधाची नशा), मुंबईतली एमडी (मेफेड्रोन), शाळेच्या मागे सापडणारे व्हाइटनरचे बोळे. त्याच वर्षी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या खुल्या सभांना जाऊन मागे गप्प बसावं. वही नेऊ नये. तिसऱ्या वर्षी केंद्रात यावं, पण समुपदेशन करायला नव्हे. पेशंटचा इतिहास घ्यायला, फॉलोअपचे फोन करायला, जेवण वाढायला. तेव्हाच अर्ध्या मुलांना कळेल की हे आपलं काम नव्हे. त्यांनी सुखाने पदवी घेऊन दुसरीकडे जावं, त्यात कमीपणा काही नाही. उरलेल्यांनी पुढची दोन वर्षं पेशंटसमोर तास भरावेत. काही महिने जिल्हा रुग्णालयात, जिथे डिटॉक्स होतं, म्हणजे औषधांच्या आधाराने अंगातली नशा उतरवली जाते. काही निवासी केंद्रात. काही दंत महाविद्यालयातल्या तंबाखूमुक्ती ओपीडीत, कारण महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक तंबाखूचं सेवन करतात आणि आपण त्याला व्यसन म्हणायलाही तयार नसतो. काही काळ गावात, फॉलोअपला. पेशंट सुधारतो की घसरतो ते गावात कळतं.

आणि देखरेख. आठवड्याला एक तास कोणीतरी जाणत्याने विद्यार्थ्याची मुलाखत ऐकावी, पेशंटच्या परवानगीने केलेलं ध्वनिमुद्रण थांबवून थांबवून विचारावं, ‘इथे तू सल्ला का दिलास?’ अमेरिकेतल्या अनेक राज्यांत व्यसन समुपदेशकाला परवाना मिळण्याआधी भराव्या लागणाऱ्या देखरेखीखालच्या तासांची मोजणी हजारांत होते. आपल्याकडे मी पहिल्या दिवशी एकटीच खोलीत होते.

यावर तुमच्यातले अभ्यासू सदस्य गोव्याचं उदाहरण काढतील, आणि काढावंच. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करवलं. निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारातले २६ टक्के तर समुपदेशन मिळालेले ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. मग पदवी हवीच कशाला? मी यावर बराच विचार केलाय. त्या माणसांकडे पदवी नव्हती, पण माझ्याकडे नव्हतं ते सगळं होतं. ठरलेली पद्धत, लोकांच्या भाषेतली पुस्तिका आणि आठवड्याच्या आठवड्याला देखरेख. शिवाय दारूवर पूर्ण परावलंबी झालेले, आमच्या काकांसारखे, त्यांच्या कामाचा विषय नव्हते. त्यांना पुढे पाठवायचं होतं. पुढे म्हणजे कोणाकडे? ज्याच्याकडे पाठवायचं त्याला तयार करणं हे विद्यापीठाचं काम. आणि गावोगावच्या त्या माणसांवर देखरेख ठेवणाराही कुठून तरी यावा लागतो.

गरज किती याचा आकडा एकदाच देते. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सोळा कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. दारूवर परावलंबी असलेल्या अडतीस माणसांत एकालाच कुठली तरी मदत मिळते. ती मदत म्हणजे कित्येकदा मी, पहिल्या वर्षातली.

आता दादांबद्दल. या पत्रातली खरी कठीण गोष्ट तीच आहे.

आपल्या राज्यात या कामाची घडी बसली ती पदवी आणि अनुभव शेजारी-शेजारी बसले म्हणून. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरं वाया जात होती, अनिल अवचट त्यावर लिहीत होते, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि प्रत्यक्ष केंद्र उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ. पण त्यांनी बऱ्या झालेल्या पेशंटांनाच कार्यकर्ते केलं. त्याआधी १९३५ साली अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून एए सुरू केलं, तेव्हाही मुद्दा हाच होता. आमचं आख्खं क्षेत्र अशा दादांच्या खांद्यावर उभं आहे. त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे, कारण माझ्याकडे कागद आहे.

आमच्या एका कार्यकर्त्याने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं. रात्रपाळी करून, चाळिशीत. त्याला मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं, तेही दूरस्थच, कारण नोकरी सोडणं परवडणार नव्हतं. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे नवे दूरस्थ प्रवेश बंद केले. कारण मला पटतं. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली मानसशास्त्र आलं, आणि माणसांवर करायचं काम टपालाने शिकता येत नाही हे याच पत्रात मीही म्हणतेय. पण त्याचं दार बंद झालं आणि दुसरं कोणी उघडलं नाही. तो बारा वर्षं रोज जे करतोय तेच ‘प्रात्यक्षिक’ म्हणून शिकायला त्याने नोकरी सोडून जिल्ह्याच्या गावी जायचं?

नव्या धोरणात पूर्वानुभवाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. शिक्षण मध्येच सोडून पुन्हा परतण्याची सोय आहे. दारूपायी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलेल्या माणसाइतका त्या सोयीचा हक्कदार कोण असेल? म्हणून या अभ्यासक्रमात दर तुकडीत काही जागा बऱ्या झालेल्यांसाठी ठेवा. किमान दोन-तीन वर्षांची सोबर अवस्था, केंद्राचं पत्र, आणि केलेल्या कामाचे तास मोजून घ्या. वर्ग शनिवार-रविवारी घ्या. ज्यांच्याकडे पदवी नाहीच अशा दादांना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवा आणि मानधन प्राध्यापकाइतकं द्या. शाल-श्रीफळ नको, त्यांच्याकडे पुष्कळ शाली साठल्यात.

उलट बाजूही मला दिसते. स्वतः बरा झालेला माणूस कधीकधी आपलाच रस्ता सगळ्यांचा रस्ता समजतो. ‘मी गोळ्यांशिवाय सोडली, तू का नाही?’ असं म्हणतो आणि ज्याला औषधाची खरोखर गरज आहे त्याची औषधं बंद पडतात. आमच्याकडे असं झालंय. बाईपेशंटसमोर तर तो बऱ्याचदा गडबडतोच. तिच्यासाठी अख्ख्या जिल्ह्यात जागा नसते, आणि ती आलीच तर तिची दारू कोणाला दिसत नाही, चारित्र्य दिसतं. एकाच वर्गात बावीस वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचे दादा बसले तर दोघांनाही थोडं खुपेल. खुपू दे.

अभ्यासक्रम समितीत बसायला मी तयार आहे, प्रवासखर्च न घेता. पण त्याआधी एक विनंती. मंडळाची पुढची बैठक आमच्या केंद्रात घ्या. गुरुवारी घेतलीत तर बरं, त्या दिवशी दुपारी तीनला सहचरींचा गट असतो आणि नवीन दाखल झालेल्यांचा तिसरा दिवस कोणाचा ना कोणाचा असतोच. फाटकावर पिशव्या तपासतात, सर्वांच्या तपासतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तंबाखूची पुडी असेल तर तिथेच ठेवावी लागेल. जेवण साधं असतं, पण गरम असतं. वॉर्ड तुम्हाला दादा दाखवतील.

आपली,
एक समुपदेशक
(सातारा जिल्हा)